आभासी यंत्राचे घड्याळ : व्याख्येतील एक विसरलेला अपवाद

संगणकशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकांत आभासी यंत्राची, म्हणजे व्हर्च्युअल मशीनची, ओळख बहुधा एका वाक्यात उरकलेली असते. एका खऱ्या संगणकाच्या पोटात आज्ञावलीच्या साहाय्याने उभा केलेला, खऱ्यासारखाच हुबेहूब दुसरा संगणक, अशा अर्थाचे ते वाक्य असते. वाक्य सुटसुटीत आहे, विद्यार्थ्यांच्या लक्षात राहते आणि परीक्षेत गुणही मिळवून देते. दोष एवढाच, की ते पूर्ण खरे नाही. आभासी यंत्रातली बेरीज खऱ्या यंत्रासारखीच होते, स्मृतीत ठेवलेला आकडा तसाच परत मिळतो, फाईल तशीच उघडते. घड्याळ मात्र तसेच चालेल, याची खात्री देता येत नाही.

ही उणीव किरकोळ वाटेल. परंतु आज महाजालावरच्या पुष्कळशा सेवा आभासी यंत्रांवरच चालतात. कोणता व्यवहार आधी झाला, कोणता नंतर, अर्ज मुदतीत आला की उशिरा, याचा पुरावा म्हणून त्या यंत्राच्या घड्याळाने मारलेला शिक्काच पुढे केला जातो. महाविद्यालयांतील प्रात्यक्षिकेही अनेकदा अशाच यंत्रांवर होतात. म्हणून 'हुबेहूब' या शब्दाची एकदा नीट तपासणी करणे शिक्षकांच्या दृष्टीने अगत्याचे आहे. या विषयावरील चार लिखाणे समोर ठेवून ती येथे केली आहे. एक १९७४ मधील सैद्धांतिक लेख, दुसरी एका कंपनीची तांत्रिक पुस्तिका, तिसरा २००३ मधील आणि चौथा २०१० मधील शोधनिबंध. चौघांचे गुणदोष पाहिले म्हणजे पाठ्यपुस्तकातील ते वाक्य कोठे बिघडले, हे आपोआप ध्यानात येते.

व्याख्या करणाऱ्यांनी काय म्हटले होते?

आभासी यंत्राची कल्पना नवी नाही. आयबीएम कंपनीच्या अमेरिकेतील केंब्रिज येथील शास्त्रीय केंद्रात १९६०च्या दशकात सीपी-४० आणि पुढे सीपी-६७ या प्रणाली तयार झाल्या. एकच महागडा संगणक अनेकांत वाटून द्यायचा आणि प्रत्येकाला तो आपल्या एकट्याचाच आहे असे भासवायचे, हा त्यामागचा हेतू होता. वाटणीचे काम करणाऱ्या आज्ञावलीला आज हायपरवायझर म्हणतात. आपण तिला पर्यवेक्षक म्हणू. खरे यंत्र हा यजमान आणि त्याच्यावर चालणारी प्रत्येक कार्यप्रणाली हा पाहुणा, अशी भाषाही या क्षेत्रात रूढ आहे.

या कल्पनेला काटेकोर रूप दिले ते जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी. त्यांचा लेख जुलै १९७४ मध्ये 'कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम' या नियतकालिकात आला. आभासी यंत्राच्या पर्यवेक्षकाला त्यांनी तीन अटी घातल्या. पहिली, आतल्या आज्ञावलीला मिळणारे वातावरण मूळ यंत्रासारखेच असावे. दुसरी, बहुतेक आज्ञा पर्यवेक्षकाच्या मध्यस्थीवाचून खऱ्या प्रोसेसरवर थेट चालाव्यात, म्हणजे काम मंदावणार नाही. तिसरी, यंत्राच्या साधनसामग्रीवर पूर्ण ताबा पर्यवेक्षकाचा असावा.

पहिली अट हीच पाठ्यपुस्तकांतील 'हुबेहूब' या शब्दाची जननी. पण लेखकद्वयाने त्या अटीला लगेच दोन अपवाद जोडले होते. साधनसामग्री किती उपलब्ध आहे यामुळे पडणारा फरक, हा एक. वेळेवर अवलंबून असलेल्या गोष्टींमुळे पडणारा फरक, हा दुसरा. म्हणजे आभासी यंत्र मूळ यंत्रासारखेच वागते ते वेळ वगळून, हे व्याख्या करणाऱ्यांनी व्याख्येतच नमूद केले होते.

या अपवादाबद्दल त्यांना दोष देता येत नाही. एक प्रोसेसर दहा पाहुण्यांत वाटायचा, तर प्रत्येकाला काही काळ थांबावेच लागणार. जो थांबला त्याचे काम उशिरा होणार, आणि हा उशीर कोणत्याही युक्तीने शून्य करता येणार नाही. अपवाद केला नसता तर व्याख्येत बसेल असे एकही यंत्र निघाले नसते. कोणत्या प्रकारचे प्रोसेसर अशा वाटणीस योग्य, हे सिद्ध करणे हा त्यांच्या लेखाचा विषय होता, आणि ते काम त्यांनी चोख केले. लेखाची मर्यादा सांगायची तर इतकीच, की वेळेचा अपवाद एका उपवाक्यात येतो आणि तेथेच संपतो. पुढे पुस्तके लिहिणाऱ्यांनी मुख्य वाक्य उचलले आणि उपवाक्य गाळले. व्याख्येतून अट गळली की ती सोपी होते, पण मग ती वेगळ्याच वस्तूची व्याख्या होते, हा अनुभव गणिताच्या शिक्षकांना नवा नाही.

घटिकापात्र आणि शंकूची सावली

घड्याळ नेमके कोठे बिघडते, हे पाहण्यासाठी आपल्याकडच्या दोन जुन्या कालमापन साधनांची आठवण करू. लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी पूर्वी घटिकापात्र मांडीत. बुडाला बारीक छिद्र असलेली वाटी पाण्याने भरलेल्या घंगाळात तरंगत ठेवायची. ती हळूहळू भरून बुडाली की एक घटका, म्हणजे २४ मिनिटे झाली. जवळ बसलेल्या माणसाने ती उचलून पुन्हा तरंगत ठेवायची आणि एक खूण करायची. येथे काळ कळतो तो खुणा मोजून. बसलेल्या माणसाचा डोळा लागला, तर वाटी तळाशी पडून राहते. दोन घटका गेल्या काय किंवा चार गेल्या काय, तळाशी गेलेली वाटी एकच गोष्ट सांगते, की निदान एक घटका झाली.

शंकूच्या सावलीचे तसे नाही. जमिनीत रोवलेल्या काठीच्या सावलीवर दिवसभर पहारा ठेवावा लागत नाही. केव्हाही बाहेर यावे, सावली पाहावी, वेळ कळते. मध्यंतरी झोप काढली तरी बिघडत नाही.

संगणकातही ही दोन्ही साधने आहेत. पहिले ठोके देणारे. १९८१च्या आयबीएम पीसीमध्ये १४.३१८१८ मेगाहर्ट्‌झचा एक स्फटिक होता. हा आकडा अमेरिकी रंगीत दूरचित्रवाणीच्या रंगसंकेताच्या वारंवारितेच्या चौपट आहे. त्याला ३ ने भागून प्रोसेसरला ४.७७ मेगाहर्ट्‌झ मिळत आणि १२ ने भागून ठोके देणाऱ्या टायमरला सेकंदाला ११,९३,१८२ स्पंदने मिळत. टायमर त्यांतली ६५,५३६ मोजून एक ठोका देई, म्हणून सेकंदाला सुमारे १८.२ ठोके पडत. १८.२ हा विचित्र आकडा कोठून आला, असे विद्यार्थी विचारतात. दूरचित्रवाणीतून, हे त्याचे उत्तर. प्रत्येक ठोक्याला प्रोसेसरच्या कामात व्यत्यय येतो, त्याला इंटरप्ट म्हणतात. कार्यप्रणाली हातातले काम ठेवते, घड्याळाच्या आकड्यात भर घालते आणि पुन्हा कामाला लागते. हे घटिकापात्र झाले.

दुसरे साधन मोजत राहणारे. १९९३ मध्ये आलेल्या पेंटियम प्रोसेसरमध्ये टाइम स्टॅम्प काउंटर हा ६४ बिटांचा मोजक आला. तो प्रोसेसरच्या स्पंदनांबरोबर वाढत जातो आणि एका आज्ञेने केव्हाही वाचता येतो. सेकंदाला ३ अब्ज स्पंदने धरली तरी तो भरून पुन्हा शून्यावर येण्यास १९० वर्षांहून अधिक काळ लागेल. ही शंकूची सावली झाली.

हरवलेले ठोके

आता आभासी यंत्राकडे वळू. समजा, पाहुण्या कार्यप्रणालीने सेकंदाला १०० ठोके मागितले आहेत, म्हणजे दर १० मिलिसेकंदाला एक. पर्यवेक्षकाने तिला ५० मिलिसेकंद बाजूला ठेवून प्रोसेसर दुसऱ्या पाहुण्यास दिला. या अवधीत पाच ठोके पडायला हवे होते, पण झोपलेल्या पाहुण्याला ते ऐकू येत नाहीत. जागा झाल्यावर त्याला तळाशी गेलेली एकच वाटी दिसली, तर चार ठोके, म्हणजे ४० मिलिसेकंद, हरवले. असे दर सेकंदाला एकदा झाले तर घड्याळ शेकडा ४ ने मागे पडते. दिवसाचे ८६,४०० सेकंद धरून गुणाकार केला तर हा फरक ३,४५६ सेकंदांचा, म्हणजे ५७ मिनिटे ३६ सेकंदांचा येतो. दशलक्षात २० भाग चुकणारा साधा क्वार्ट्‌झ स्फटिक दिवसाला पावणेदोन सेकंदच चुकेल. तेव्हा हा दोष स्फटिकाच्या दर्जाचा नाही, मोजण्याच्या पद्धतीचा आहे.

या प्रश्नावर व्हीएमवेअर कंपनीने 'टाइमकीपिंग इन व्हीएमवेअर व्हर्च्युअल मशीन्स' ही तांत्रिक पुस्तिका काढली. कंपनी १९९८ मध्ये स्थापन झाली आणि साध्या वैयक्तिक संगणकावर आभासी यंत्रे चालवणे तिने रूढ केले. कंपनीच्या पुस्तिकेत जाहिरातच असणार, अशी शंका येते. ही पुस्तिका तिला अपवाद आहे. वैयक्तिक संगणकात कालमापनाची किती निरनिराळी साधने आहेत, प्रत्येकाचा स्वभाव काय, ठोके मोजणे आणि काउंटर वाचणे यांत फरक कोणता, हे तिच्यात इतके सावकाश सांगितले आहे की पदवीच्या वर्गात ती धडा म्हणून वापरता येईल. आभासी यंत्रात वेळ चुकू शकते, हे आपल्याच मालाबद्दल मोकळेपणाने मान्य करणारे लेखन म्हणूनही तिचे मोल आहे.

तिच्यातील उपाय असा. पर्यवेक्षकाने राहिलेल्या ठोक्यांची थकबाकी लिहून ठेवायची आणि पाहुणा जागा झाला की ते भराभर द्यायचे. पाहुण्याचे घड्याळ मग काही काळ जलद धावते आणि खऱ्या वेळेला गाठते. पण येथेच एक गंमत होते. काही कार्यप्रणाली स्वतःही हुशार असतात. काउंटर पाहून त्यांच्या लक्षात येते की मध्ये ठोके हुकले, आणि त्या आपल्या मनानेच ती भर घालतात. मागून पर्यवेक्षकाची थकबाकीही येऊन पोचते. एकच चूक दोघांनी दुरुस्त केल्याने घड्याळ पुढे जाते. घटिकापात्राशेजारी डुलकी लागलेल्या माणसाने अंदाजाने दोन खुणा वाढवाव्यात आणि यजमानानेही त्याच दोन वाढवाव्यात, तसा हा प्रकार. पुस्तिकेने या दुहेरी दुरुस्तीची दखल घेतली आहे, हे विशेष.

पुस्तिकेची दुबळी बाजूही सांगायला हवी. तिचा बराच भाग अमुक कार्यप्रणालीच्या तमुक आवृत्तीत कोणती कळ फिरवावी, अशा सूचनांनी व्यापला आहे. आवृत्ती जुनी झाली की सूचना निरुपयोगी होतात, आणि घाईतला वाचक तत्त्व सोडून नेमक्या त्याच उचलतो. शिवाय थकबाकी देण्याचा उपाय दिवसअखेरचा हिशेब जुळवतो, मधल्या क्षणांचा नाही. ठोके भराभर येत असताना आतल्या आज्ञावलीने १० मिलिसेकंद मोजले, तर प्रत्यक्षात कदाचित २ मिलिसेकंदच झालेले असतात. महिनाअखेरीस पगार पूर्ण मिळाला तरी मधल्या आठवड्यात किराणा उधारीवर आणावा लागला, ही गोष्ट बदलत नाही.

महाजालावरून प्रमाणवेळ आणावी, असे काहीजण सुचवतील. त्यासाठी एनटीपी हा संकेत आहे, तो डेव्हिड मिल्स यांनी १९८५ मध्ये मांडला. पण त्याची रीत सावध आहे. घड्याळ हळूहळू सरकवताना तो दशलक्षात ५०० भागांपेक्षा जास्त वेग बदलत नाही. म्हणजे १ सेकंदाची चूक मिटवण्यास २,००० सेकंद, सुमारे ३३ मिनिटे लागतात. वरच्या उदाहरणातील शेकडा ४ म्हणजे दशलक्षात ४०,०००, मर्यादेच्या ८० पट. स्फटिकाच्या संथ आणि एका दिशेच्या चुकीसाठी बनवलेले औषध या तापाला चालत नाही.

सावली वाचली तरी अडचण उरते

मग ठोके मोजणे सोडून सर्वांनी काउंटरच का वाचू नये? आजची दिशा खरोखर तीच आहे. लिनक्सच्या २००७ मधील २.६.२१ या आवृत्तीपासून, काम नसताना ठोके बंद ठेवण्याची सोय आली. तिचा आभासी यंत्रांना मोठाच फायदा झाला. सेकंदाला १,००० ठोके मागणारे २० पाहुणे असतील तर नुसते झोपण्यासाठी यजमानाला सेकंदाला २०,००० वेळा दार वाजवावे लागे.

परंतु काउंटरलाही खोडी आहेत. आरंभीच्या प्रोसेसरमध्ये वीज वाचवण्यासाठी वेग कमी केला की काउंटरही मंद होई, म्हणजे सावलीची काठीच वाकवण्यासारखे. पुढे स्थिर गतीचे काउंटर आले आणि ही अडचण मिटली. दुसरी खोड आभासी यंत्राची खास आहे. चालू असलेले आभासी यंत्र न थांबवता एका यजमानावरून दुसऱ्यावर हलवता येते. पहिल्या यजमानाचा काउंटर सेकंदाला २.४ अब्जांनी वाढत होता, दुसऱ्याचा ३ अब्जांनी वाढतो. स्थलांतर झालेल्या पाहुण्याने जुनाच भागाकार चालू ठेवला, तर त्याचे घड्याळ सव्वापट धावेल आणि तासाभरात १५ मिनिटे पुढे जाईल. यावर उपाय म्हणून नव्या प्रोसेसरमध्ये पाहुण्याला दिसणाऱ्या काउंटरमध्ये ठरावीक आकडा मिळवण्याची आणि त्याला ठरावीक गुणकाने गुणण्याची सोय आता यंत्रातच असते.

लिनक्समधील केव्हीएम या पर्यवेक्षकाने वापरलेली युक्ती शिक्षकांना आवडेल अशी आहे. पर्यवेक्षक आणि पाहुणा यांच्यात स्मृतीचे एक पान सामाईक असते. पर्यवेक्षक त्यावर मुख्यतः तीन गोष्टी लिहितो : अमुक क्षणी काउंटर किती होता, त्या क्षणी नॅनोसेकंदांत वेळ किती होती, आणि काउंटरच्या एका पायरीचे किती नॅनोसेकंद धरायचे. पाहुणा काउंटर वाचतो, जुना आकडा वजा करतो, गुणकाने गुणतो आणि जुन्या वेळेत मिळवतो. सरळ रेषेचे हे समीकरण नववीच्या विद्यार्थ्यालाही कळेल. पर्यवेक्षक लिहीत असतानाच पाहुण्याने अर्धवट पान वाचले तर? त्यासाठी पानावर एक अनुक्रमांक असतो. लिहायला सुरुवात करताना तो विषम होतो, लिहून झाल्यावर सम. विषम दिसला, किंवा वाचण्यापूर्वीचा आणि नंतरचा अंक वेगळा निघाला, तर पाहुण्याने पुन्हा वाचायचे. यात पाहुण्यास आपण पाहुणे आहोत हे ठाऊक असते आणि तो यजमानाला वेळ विचारतो. 'हुबेहूब' हा शब्द येथे स्वखुशीने सोडून दिलेला आहे, आणि म्हणूनच घड्याळ बरोबर चालते.

काळ एक नाही, तीन आहेत

इथवरचा विचार यंत्रणेचा झाला. पण पाहुण्याने नेमका कोणता काळ मोजायचा, या प्रश्नाला पुस्तिकेत दुय्यम स्थान आहे. त्याचे उत्तम उत्तर इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी २००३ मध्ये झेन या पर्यवेक्षकावर लिहिलेल्या निबंधात आहे. झेन पाहुण्याला तीन काळ देतो. पहिला, यंत्र चालू झाल्यापासूनचा खरा काळ. दुसरा, त्या पाहुण्याच्या स्वतःच्या वाट्याचा काळ, तो प्रत्यक्ष चालत असतानाच पुढे सरकतो. तिसरा, भिंतीवरच्या घड्याळाचा काळ, तो पहिल्यात एक ठरावीक अंतर मिळवून काढतात. घड्याळ जुळवायचे झाल्यास हे अंतर बदलायचे, पहिल्या काळाला हात लावायचा नाही.

शाळेतल्या उदाहरणाने हा फरक सांगता येईल. गणिताचा तास ४० मिनिटांचा आहे. त्यातील १० मिनिटे मुले प्रार्थनास्थळी सूचना ऐकायला गेली. आता तास किती झाला? घंटेच्या हिशेबाने ४० मिनिटे, शिकवण्याच्या हिशेबाने ३०. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. मुलांचा डबा पहिल्या हिशेबाने, अभ्यासक्रम दुसऱ्या हिशेबाने. त्याचप्रमाणे कामाची वाटणी करताना पाहुण्याने वाट्याचा काळ पाहावा, दोन घटनांमधील अंतर मोजताना खरा काळ पाहावा आणि नोंदवहीत शिक्का मारताना भिंतीवरचा.

झेनचा हा परिच्छेद अवघ्या काही ओळींचा आहे. निबंधाचा भर वेगावर असल्याने लेखक तेथे रेंगाळत नाहीत, आणि वाचकही सहसा नाहीत. माझ्या मते निबंधातील सर्वांत टिकाऊ विचारांपैकी तो एक आहे. मात्र तो अगदी नवा होता असेही नाही. आयबीएमच्या १९७२ मध्ये जाहीर झालेल्या व्हीएम/३७० प्रणालीत वापरणाऱ्यास 'सेट टायमर' या आज्ञेने आपला टायमर कसा चालावा हे ठरवता येत होते : केवळ प्रोसेसर मिळत असताना, की स्वतः वाट पाहत असतानाही. त्याच यंत्रातील दिवसाचे घड्याळ मात्र १ जानेवारी १९०० पासूनचा खरा काळ स्वतंत्रपणे मोजत असे. म्हणजे सिद्धांताने जो अपवाद उपवाक्यात टाकला, तो प्रत्यक्ष यंत्र बांधणाऱ्यांनी आज्ञावलीत आधीच समोर मांडला होता. पुढच्या पिढीला तो पुन्हा शोधावा लागला, याचे कारण मधल्या पुस्तकांनी तो पुढे नेला नाही.

चौथे लिखाण मेलबर्न विद्यापीठातील ब्रूमहेड, क्रेमीन, रिडू आणि विच यांचे. २०१० च्या ओएसडीआय परिषदेत वाचलेल्या या निबंधाच्या शीर्षकाचा अर्थच 'वेळ सोडून सर्व काही आभासी करा' असा आहे. १९७४ चा अपवाद येथे उपवाक्यातून निघून शीर्षकात जाऊन बसला. त्यांची टीका रोखठोक आहे. एनटीपीची नेहमीची आज्ञावली चूक पाहून घड्याळाचा वेग बदलते, पुन्हा चूक पाहते, पुन्हा बदलते. अशा रीतीने आज दिसणाऱ्या वेळेत मागच्या सर्व दुरुस्त्यांचा इतिहास मुरलेला असतो. यंत्राचे स्थलांतर झाले की हा इतिहास एकदम गैरलागू होतो आणि घडी बसेपर्यंत घड्याळ डळमळते. त्यांचा पर्याय असा : काउंटर जसा आहे तसा राहू द्यावा, दुरुस्तीचे आकडे यजमानाने बाजूला लिहून ठेवावेत आणि वेळ विचारली जाईल तेव्हाच दोन्ही एकत्र करावेत. नव्या घरी गेलेल्या पाहुण्याने तेथल्या यजमानाचे आकडे उचलले की काम झाले. चारही लिखाणांत युक्तिवाद म्हणून हे मला सर्वांत बळकट वाटते. दुरुस्ती कोणी करायची, याचे उत्तर ते एकाच ठिकाणी ठेवते. दुहेरी दुरुस्तीचा धोका त्यामुळेच टळतो.

हे वर्गात का सांगायचे?

आपल्याकडे २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इनच्या निर्देशांनुसार सेवा देणाऱ्या संस्था, माहिती केंद्रे, कंपन्या आणि सरकारी कार्यालये यांनी आपल्या संगणकांची घड्याळे राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवणे आवश्यक आहे. संगणकावरील हल्ल्याची चौकशी नोंदींच्या क्रमावर उभी असते, म्हणून हे योग्यच आहे. या निर्देशाने वेळ कोठून आणायची ते सांगितले. आणलेली वेळ आभासी यंत्रात कशी टिकवायची, हे ज्ञान मात्र यंत्र सांभाळणाऱ्याकडे असावे लागते, आणि तो काल आपल्याच वर्गात बसलेला असतो.

दुसरे कारण आपल्या अधिक जवळचे आहे. समजा, एका विद्यार्थिनीने आभासी यंत्रावर संख्या चढत्या क्रमाने लावण्याची बबल सॉर्ट पद्धत चालवून वेळ मोजली. संख्या दुप्पट केल्यावर वेळ सुमारे चौपट व्हावी, असे पुस्तक सांगते. तिला नऊपट मिळाली. कारण दुसऱ्या खेपेस तिचे यंत्र मध्येच काही काळ बाजूला ठेवले गेले होते. तिने भिंतीवरचा काळ मोजला, आणि तो बरोबरच मोजला. पुस्तकातील चौपट हा नियम वाट्याच्या काळाबद्दल आहे. आभासी यंत्र हुबेहूब खऱ्यासारखे असते असे शिकवलेले असेल, तर तिच्याजवळ आणि तिच्या शिक्षकांजवळही एकच स्पष्टीकरण उरते, की हिचे काहीतरी चुकले. मग प्रयोगवहीत नऊच्या जागी चार येतात. व्याख्येतून गाळलेल्या एका उपवाक्याची ही किंमत आहे. प्रामाणिक निरीक्षण खोडण्याची सवय एकदा लागली की ती भौतिकीच्या आणि रसायनाच्या वहीतही जाते.

उपाय फार अवघड नाही. तोच प्रयोग २० वेळा करून सर्व वाचने लिहायला सांगावीत आणि येथे सरासरीऐवजी सर्वांत लहान वाचन घ्यावे. लंबकाच्या प्रयोगात चूक दोन्ही बाजूंना होते, म्हणून सरासरी शोभते. थांबावे लागल्याने वेळ नेहमी वाढतोच, घटत कधी नाही. तेव्हा सर्वांत लहान वाचन हेच खऱ्याच्या सर्वांत जवळ. लिनक्स असल्यास 'टॉप' या आज्ञेच्या पडद्यावर 'एसटी' या अक्षरांपुढे दिसणारा आकडाही पाहावा. पाहुणा काम करायला तयार असूनही प्रोसेसर दुसऱ्याकडे होता, अशा काळाचे ते शेकडा प्रमाण आहे. त्याला इंग्रजीत चोरीला गेलेला वेळ अशा अर्थाचे नाव आहे. त्या विद्यार्थिनीच्या नवातील पाच कोठे गेले, हे तिला तेथे दिसू शकेल.

आणि पुस्तकातील ते वाक्य? ते काढून टाकण्याची गरज नाही. 'वेळ सोडून' एवढे दोन शब्द त्यात परत घालावेत. ५० वर्षांपूर्वी ते तेथे होतेच.